न पाहिलेल्या घरासाठी प्रस्ताव देताना

वाचकाचे पत्र : नोकरी सांभाळून मी गेल्या सहा वर्षांत दोन जुनी घरे घेतली आणि दुरुस्त केली. एक विकले, दुसरे भाड्याने दिले. दोन्ही घरे राहत्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होती आणि घेण्यापूर्वी मी ती चार-पाच वेळा पाहिली होती. या व्यवसायात मुरलेले एक परिचित आता सांगतात की, घर बघत बसणाऱ्याच्या हातून सौदा निघून जातो. त्यापेक्षा फोटो पाहून आठवड्याला वीस प्रस्ताव पाठवावेत, न पाहिल्याचा धोका म्हणून किंमत थोडी कमी सांगावी आणि जे स्वीकारले जातील त्यांचेच पुढे पाहावे. दूरच्या शहरातील एका घराचे बारा फोटो सोबत पाठवत आहे; रंग आणि फरशी बदलून भागेल असे धरून मी त्याच्या दुरुस्तीचा आकडा काढला आहे. माझ्या पत्नीचा याला पूर्ण विरोध आहे. ती म्हणते, पायात घालून पाहिल्याशिवाय आपण चप्पलही घेत नाही. आम्हा दोघांत कोणाचे बरोबर आहे आणि कपात धरायची तर किती धरावी?

सल्ला :

तुम्ही पाठवलेल्या बारा फोटोंपैकी सातवा फोटो मी बराच वेळ पाहत होतो. मागच्या खोलीचा तो फोटो आहे. खोलीच्या भिंती जुन्या, फिकट पिवळ्या रंगाच्या आहेत, पण जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंगाचा एक पट्टा थोडा गडद आणि नवा दिसतो, आणि त्या पट्ट्यासमोर तीन ट्रंका ओळीने मांडून ठेवल्या आहेत. जमिनीतून वर चढणारी ओल साधारणपणे याच उंचीत दिसते. ती सहसा एक मीटरच्या फार वर जात नाही. त्या उंचीत गिलाव्याला लोणा म्हणजे क्षारांची पांढरी पूड लागते, पोपडे निघतात, आणि विकण्याआधी तेवढाच भाग खरवडून रंगवला जातो. दुसऱ्या फोटोत घराचे दार रस्त्यावरून दिसते. दाराशी दोन पायऱ्या आहेत, पण त्या रस्त्यावरून वर चढत नाहीत, दाराकडे खाली उतरतात. थरावर थर पडून रस्ता वर आला असावा आणि घराचे जोते, म्हणजे पायाचा जमिनीवरचा भाग, खाली राहिले असावे. हे दोन फोटो शेजारी ठेवले तर मागच्या खोलीतल्या त्या पट्ट्याचे कारण कदाचित पुढच्या दाराशी सापडते. बारा फोटोंत न्हाणीघर नाही, गच्ची नाही आणि जिन्याखालचा भागही नाही. ओल आहेच असे मी म्हणत नाही, कारण फोटोवरून तसे म्हणता येणार नाही. मात्र हे घर रंग आणि फरशी बदलून भागेल असे गृहीत धरून तुम्ही जो दुरुस्तीचा आकडा काढला आहे, त्याला या फोटोंमध्ये आधार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. परिचितांच्या सांगण्यात एक गोष्ट खरी आहे. दूरच्या प्रत्येक घरासाठी प्रवास करून, ते पाहून, मगच किंमत सांगायची असे ठरवले तर तुमची सुट्टी आणि पैसा दोन्ही अशा घरांवर खर्च होतील जिथे मालकाची अपेक्षा आणि तुमचा हिशेब कधीच जुळणार नव्हता. आधी किंमत सांगून मालक त्या टप्प्यात येतो का हे अजमावणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. मात्र तुमच्या पत्नीचा आक्षेप त्याहून खोल आहे आणि परिचितांनी सुचवलेली कपात त्याला उत्तर देत नाही. का देत नाही हे मला सविस्तर सांगायला हवे, कारण अनुभवी माणसेही नेमकी इथेच फसतात.

दुरुस्तीच्या घरांचा व्यवहार करणारे अनेकजण ७० टक्क्यांचा एक ढोबळ नियम वापरतात. दुरुस्तीनंतर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के घ्यावेत, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि उरेल त्याहून जास्त किंमत देऊ नये, असा तो नियम आहे. वगळलेल्या ३० टक्क्यांत खरेदी-विक्रीचे खर्च, कर, दलाली, घर हाती असेपर्यंतचे व्याज आणि तुमचा नफा हे सगळे बसवायचे असते. दुरुस्तीनंतरची किंमत १०० धरू आणि दुरुस्तीचा खर्च २० धरू. म्हणजे तुम्ही ५० पर्यंत जाऊ शकता. आता समजा, फोटोंत सारखीच दिसणारी दहा घरे तुमच्यासमोर आहेत. त्यांपैकी सहा घरांना खरोखरच २० खर्च येणार आहे, दोन घरांना ३० आणि उरलेल्या दोन घरांना ५०. कोणते घर कुठले हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही सरासरी २८ धरता आणि सावधपणे सगळ्यांना ४२ चा प्रस्ताव पाठवता. तुम्हाला वाटते की धोका किमतीत आला.

पण ज्यांचे घर बरे आहे त्या सहा मालकांना ५० मिळण्यासारखे आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे, म्हणून ते तुमच्या पत्राला उत्तरही देत नाहीत. ज्यांच्या घराला ३० लागणार आहेत त्यांचे घर या हिशेबाने ४० चे आहे आणि ज्यांच्या घराला ५० लागणार आहेत त्यांचे तर २० चेच आहे. ते चौघे तुमचा प्रस्ताव आनंदाने स्वीकारतात. तुमच्या हाती आलेल्या चार घरांची सरासरी दुरुस्ती २८ राहत नाही, ती ४० होते. सर्वांत वाईट घराला तुम्ही ४२ देता, दुरुस्तीला ५० घालता, आणि उरलेल्या ८ मध्ये व्याज, कर आणि दलालीही भागत नाही. कपात वाढवून ३५ चा प्रस्ताव पाठवला तर ३० वालेही गळतात आणि तुमच्याकडे फक्त ती दोन घरे येतात. म्हणजे कपात जितकी वाढवावी तितकी स्वीकारली जाणारी घरे अधिक वाईट होत जातात. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली होती, आणि माहितीच्या विषमतेवरील अशा कामासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत ते होते. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा सरासरीवर काढलेली किंमत घेणाऱ्याचे रक्षण करत नाही. म्हणून कपात किती धरावी या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे टक्केवारीत उत्तर नाही. न पाहिल्याची भरपाई किमतीतून होत नाही, ती अटींतून होते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. काही विक्रेत्यांना स्वतःच्या घराबद्दल तुमच्याइतकेच अज्ञान असते. वारशाने घर मिळालेली, अनेक वर्षे दुसरीकडे राहणारी भावंडे असतात. कर्ज थकल्यामुळे घर ताब्यात घेतलेली वित्तसंस्था असते. अशा ठिकाणी तुमचा प्रस्ताव स्वीकारला जातो तो घराच्या छुप्या दोषामुळे नव्हे, तर त्यांना पैसे हवे असतात किंवा हिशेब मिटवायचा असतो म्हणून. तिथे सरासरी धरून केलेली कपात बऱ्यापैकी उपयोगी पडते. म्हणून फोटो पाहण्यापूर्वी मी नेहमी एक प्रश्न विचारतो : विकणारा माणूस या घरात शेवटचा कधी राहिला आणि तो आता का विकतो आहे? कालपर्यंत तिथे राहणाऱ्या, घाई नसलेल्या मालकाने तुमचा कमी किमतीचा प्रस्ताव दोन तासांत स्वीकारला, तर आनंद होण्याआधी थांबावे.

अटींचे म्हणाल तर त्या लेखी असाव्यात आणि प्रस्तावाच्या पहिल्याच पत्रात असाव्यात. मी निवडलेल्या तज्ज्ञाकडून घराची तपासणी करून घेईन; तपासणीसाठी अमुक दिवस मिळतील; त्या मुदतीत मी कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकेन; माघार घेतल्यास विसाराची, म्हणजे आगाऊ दिलेली, पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल; मालकी हक्क निर्वेध असल्याची आणि घर रिकामे मिळण्याची खात्री झाल्याशिवाय व्यवहार पुरा होणार नाही. हे सगळे आले पाहिजे. ‘समाधानकारक तपासणीच्या अधीन’ असे मोघम शब्द घालू नका, कारण कोणाचे समाधान यावर पुढे वाद होतो. विसार मालकाच्या हाती न देता दोघांना मान्य अशा त्रयस्थाकडे ठेवता आला तर उत्तम. स्वीकारलेला लेखी प्रस्ताव कधी बंधनकारक होतो याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, म्हणून प्रस्तावाचा नमुना त्या भागात काम करणाऱ्या वकिलाकडून एकदाच तयार करून घ्या आणि दरवेळी तोच वापरा. त्या एका फीमध्ये काटकसर करू नका.

आता आठवड्याला वीस प्रस्तावांबद्दल. माघारीची मुदत दहा दिवसांची आहे आणि तुमचा तपासनीस आठवड्याला दोन घरे पाहू शकतो असे धरले, तर त्या मुदतीत जास्तीत जास्त तीन घरे पाहून होतील. मग सहा मालकांनी एकदम होकार दिला तर तीन घरांची मुदत न पाहताच उलटेल आणि ज्या अटीवर तुम्ही विसंबला आहात ती कागदावरच राहील. प्रस्तावांची संख्या उत्साहावर ठरवायची नसते, ती तपासणीच्या क्षमतेवर आणि हातातल्या भांडवलावर ठरवायची असते. माझ्या मते तुम्ही एका वेळी चारपेक्षा जास्त प्रस्ताव खुले ठेवू नयेत, आणि तेही एकाच शहरात, शक्यतो एकाच भागात, म्हणजे तोच तपासनीस, तोच वकील आणि तोच ठेकेदार कामी येईल.

तपासणी म्हणजे काय हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका परिचितांना दूरच्या घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करून दिले. घर मी पाहिले नव्हते. माझ्याकडे नकाशा होता आणि विक्रेत्याच्या दलालाने काढलेली अठरा मिनिटांची चित्रफीत होती. चित्रफितीत भिंती सरळ होत्या, छत कोरडे होते, खिडक्या बदलण्यासारख्या होत्या. मी तीन महिन्यांचे काम धरले. काम सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी कळले की सांडपाण्याची नळी घराच्या मधोमध जमिनीखालून जात होती आणि ती दोन ठिकाणी खचलेली होती. आतली सगळी जमीन उकरावी लागली. खर्च माझ्या अंदाजाच्या अडीच पट झाला आणि तीन महिन्यांचे काम अकरा महिन्यांवर गेले. नंतर ती चित्रफीत मी पुन्हा पाहिली, तेव्हा लक्षात आले की अठरा मिनिटांत एकदाही कोणी नळ सोडला नव्हता आणि मागच्या अंगणातल्या सांडपाण्याच्या चेंबरवरून कॅमेरा न थांबता पुढे गेला होता. दलालाने खोटे काही दाखवले नव्हते. काय दाखवायला हवे ते मी मागितले नव्हते. त्या कुटुंबाने जवळची बचत त्या घरात घातली होती आणि ते आठवले की आजही मला वाईट वाटते.

रंग, फरशी, ओटा, दारे-खिडक्या यांचा खर्च फोटोवरून बऱ्यापैकी काढता येतो, आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक झाली तरी माणूस बुडत नाही. माणूस बुडतो तो पाया, छत, सांडपाणी, वायरिंग आणि ओल यांत. काँक्रीटमधल्या सळ्या गंजल्या की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याच्या दाबाने वरचे काँक्रीट फुटून सुटते, आणि बाहेरून ते फक्त छताच्या एका कोपऱ्यातला पोपडा म्हणून दिसते; नवी खोटी सिलिंग बसवली असेल तर तेवढेही दिसत नाही. जुन्या लोखंडी नळांचा आतला व्यास गंजाने अर्ध्यावर आलेला असू शकतो. वाळवीने आतून पोखरलेली चौकट रंगाच्या थराखाली अखंड दिसते. जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस किंवा जुन्या रंगात शिसे निघाले, तर काम करणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो आणि ते काढायला जाणकारच लागतात.

म्हणून तुम्ही स्वतः जाऊ शकत नसाल तेव्हा तुमच्या वतीने जाणारा माणूस असा हवा, ज्याला पैसे तुम्ही देता, ज्याला सौदा होण्यात दलाली नाही आणि ज्याला पुढे दुरुस्तीचे कामही मिळणार नाही. ठेकेदाराला पाठवले तर तो काम मिळवण्यासाठी खर्च कमी सांगू शकतो किंवा काम वाढवण्यासाठी जास्त. दोन्हींत तुमचे नुकसान आहे. तो माणूस घरात असताना तुम्ही थेट व्हिडिओ कॉलवर असावे. चित्रण रस्त्यावरून सुरू करून ते मध्ये न तोडता घरभर न्यावे. वरच्या मजल्यावरचे सगळे नळ एकदम सोडायला सांगा आणि खालच्या चेंबरचे झाकण उघडून पाणी किती वेळात आणि कसे येते ते पाहा. खोलीत अंधार करून विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरायला सांगा. सरळ उजेडात सपाट दिसणारी भिंत अशा तिरप्या उजेडात तिचे फुगवटे आणि बुजवलेले तडे दाखवते. फरशीवर काचेची गोटी ठेवली की उतार कुठे आहे ते कळते. कपाटे आणि ट्रंका भिंतीपासून सरकवायला सांगा, आणि कोणी नको म्हटले तर ती नोंद अहवालात पहिल्या ओळीत लिहायला सांगा. शेवटी तपासनीसाला विचारा की दार उघडल्याबरोबर कसला वास आला, कारण कुबट वास कॅमेऱ्यात येत नाही. शेजारच्या घरी पाच मिनिटे बोलणेही चुकवू नये. पाऊस झाला की गल्लीत पाणी कुठपर्यंत येते हे शेजारी सांगतात, विक्रेता सांगेलच असे नाही.

दुरुस्तीनंतरची किंमत हा हिशेबाचा दुसरा खांब आहे आणि अनोळखी शहरात तोही डळमळीत असतो. अमेरिकेतील झिलो या कंपनीकडे घरांच्या किमतींची अफाट माहिती होती. संगणकीय अंदाजावर घरे घ्यायची, थोडीफार दुरुस्त करायची आणि विकायची हा तिचा उद्योग तिने नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करण्याची घोषणा केली, कारण पुढच्या काही महिन्यांत किमती कुठे असतील याचा अंदाज भरवशाने बांधता येत नव्हता आणि अनेक घरे विक्रीतून येतील त्यापेक्षा जास्त किमतीला घेतली गेली होती. तुमच्या-माझ्याकडे तेवढी माहिती नाही. त्यामुळे त्या भागात गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घरांच्या नोंदी पाहा, जाहिरातींतले आकडे धरू नका, आणि दुरुस्त घरही वर्षभर विकले गेले नाही तर व्याज कुठून भराल ते आधी ठरवा.

मालकी हक्काचा शोध, घरावरचा बोजा, थकलेला कर, परवानगीविना केलेले बांधकाम आणि घरात राहणारा भाडेकरू या गोष्टी दुरून, कागदावरून तपासता येतात, आणि म्हणूनच तपासनीस पाठवण्यापूर्वी त्या उरकून घ्याव्यात.

लिलावाचा मार्ग मात्र वेगळा समजा. तिथे बहुधा ‘आहे त्या स्थितीत’ विक्री असते, तपासणीची अट घालता येत नाही आणि बोली लागली की माघार महागात पडते. आत पाऊल ठेवू देत नसतील तर अशा घरावर बोली लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अपवाद एकच : किंमत इतकी खाली असावी की इमारत पाडून, राडारोडा उचलून, नुसती जमीन धरली तरी व्यवहार परवडेल, आणि पाडण्याची परवानगी मिळेल याची खातरजमा झालेली असावी.

एक गोष्ट मला तुमच्याकडून वचनासारखी हवी आहे. माघारीची अट हाती असली की काही लोक मुद्दाम चढी किंमत सांगून घर अडकवतात आणि तपासणीनंतर किरकोळ दोष मोठे करून ती खाली ओढतात. तोवर मालकाने दुसऱ्या ग्राहकांना नाही म्हटलेले असते, कदाचित त्या पैशांच्या भरवशावर पुढचे देणे कबूल केलेले असते. असे करू नका. पहिल्या पत्रातच लिहा की ही किंमत अमुक इतकी दुरुस्ती धरून सांगितली आहे, आणि धरलेल्या बाबी एकेक करून नोंदवा. तपासणीत त्याहून वेगळे काही निघाले तर अहवालाची प्रत मालकाला द्या आणि मग बोला. त्याचे घर त्याच्यासाठी तुमच्या वीस पत्रांपैकी एक नसते.

तुमच्या पत्नीला हा मजकूर वाचायला द्या आणि अटींचा मसुदा दोघांनी मिळून वाचा. विरोध करणारे माणूस घरातच असणे या व्यवसायात मोलाचे असते, आणि मसुद्यातली ढिली जागा बहुधा त्यांनाच आधी दिसेल.

सोबतच्या घराबद्दल सांगायचे तर आज प्रस्ताव पाठवू नका. आधी मालकाकडून चार गोष्टी मागवा : ट्रंका सरकवून काढलेला मागच्या खोलीचा फोटो, गच्चीचा फोटो, न्हाणीघराचा फोटो, आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतची उंची टेपने मोजतानाचा फोटो. ते आले की जोत्याची पातळी, ओल रोखण्याचे काम आणि दाराशी पाणी अडवण्याची सोय यांचा खर्च दुरुस्तीत मिळवून नवी किंमत काढा आणि वर सांगितलेल्या अटींसह पाठवा. ट्रंका हलवणे आठवडाभरात जमले नाही, तर दुसऱ्या घराचे फोटो पाहायला घ्या.